माझी पाठ आणि त्यांचे डिस्क ब्रेक

माणूस आडवा पडला की त्याच्याभोवती किस्से जमायला लागतात. कारण एकच. आडव्या माणसाला ऐकू येत नाही, असं उभ्या माणसांना वाटतं! मी अकरा महिने आडवी होते, त्यामुळे माझ्याकडे साठा भरपूर आहे. लोक ऐकून हसतात. हसा बापडे. मला मात्र सांगताना अजूनही राग येतो, आणि तो आवरायचा माझा काही विचार नाही.

मी बदलापूरच्या शाळेत गणित शिकवायचे. नव्वद सालच्या आसपास शाळेच्या जिन्यावरून घसरले आणि कमरेचा मणका मोडला. ऑपरेशननंतर आठवड्यातून दोनदा उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या एका डॉक्टरांकडे व्यायामाला जायचं होतं. त्यांची अट होती, यायचं ते सपाट झोपून, आणि हिसका बसता कामा नये. "एक वाईट हिसका बसला तर बाई, पुन्हा चालायची खात्री मी देणार नाही," असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

झोपून जायला आमच्याकडे गाडी होती. माझा नवरा प्रकाश अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. तिथे एक गोरा इंजिनीअर स्वतःची कॅम्पर व्हॅन घेऊन आला होता, जाताना ती सोडून गेला. वर्षानुवर्षं शेडमागे पडलेली ती व्हॅन प्रकाशने हौसेने विकत घेतली. आत पलंग, खिडक्यांना पडदे, भांडी घासायला एवढंसं बेसिन! शेजारपाजारच्या बायका बेसिन बघायला यायच्या. ब्रेक बघायला कोणी आलं नाही.

*

पहिल्याच फेरीला रेल्वे फाटक लागलं. प्रकाशने ब्रेक दाबला. गाडीला जुने ड्रम ब्रेक, त्यातला पुढचा डावा आधी पकडायचा, उजवा सवडीने. गाडी हिसका खाऊन डावीकडे वळली, मी पलंगावरून पुढे सरकले आणि माझं डोकं बेसिनच्या कपाटावर आपटलं. मी किंचाळले.

पुढे प्रकाशच्या शेजारी गायकवाड बसले होते. त्याच्याच कारखान्यात लेथवर काम करणारे टर्नर, जिवाभावाचे मित्र. ते शांतपणे म्हणाले, "पक्या, पुढचा डावा पकडतोय."

"हो ना," प्रकाश म्हणाला, "आवाजावरून कळलं."

तो आवाज माझा होता!

*

मग दोघं मला घेऊन नारीशेठकडे गेले. कॅम्प चारमध्ये त्यांचं मोडक्या गाड्यांच्या पार्टचं दुकान आणि मागे गॅरेज. नारीशेठनी गाडीखाली डोकावून निकाल दिला, "ड्रम में कुछ नहीं रखा है भाभी. आगे डिस्क डालो. मक्खन!"

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात, म्हणून गाडी सरळ आणि हळुवार थांबते. अपघातात गेलेल्या एका नव्या गाडीचे डिस्क त्यांच्याकडे तयारच होते.

मी पडल्या पडल्या विचारलं, "ती गाडी कशाने गेली?"

"पेड़ से ठुकी, भाभी."

"म्हणजे थांबली नाही?"

"नहीं नहीं, ब्रेक की गलती नहीं थी. पेड़ बीच में था!"

मी सोडून कोणालाच यात काही वावगं वाटलं नाही.

*

एका गाडीचे डिस्क दुसऱ्या गाडीला बसायला मध्ये लोखंडी प्लेट लागते. ती गायकवाडांनी स्वतः केली. दहा दिवस. केसाचासुद्धा फरक राहू दिला नाही म्हणे. ती प्लेट घरोघरी दाखवून झाली. माझ्या हातातही दिली आणि म्हणाले, "वहिनी, बोट फिरवून बघा." मी बोट फिरवलं. खरंच सुरेख होती.

मग आमच्या दारातच डिस्क बसले, पॅड बसले, पॅडना धरणारे जाडजूड पंजे, म्हणजे कॅलिपर, तेही बसले. पेढे वाटले गेले. पेढे खाऊन झाल्यावर चाक लावायला घेतलं, तर चाक जाईना! चाकाचा रिम कॅलिपरवर आपटत होता. प्लेट बोटभर जाड झाली होती.

"चाक आधी लावून बघितलं नव्हतं का?" मी घरातून ओरडले.

प्रकाशला वाटलं गायकवाडांनी बघितलं. गायकवाडांना वाटलं नारीशेठनी. नारीशेठ म्हणाले, "चक्का तो गोल होता है भाभी, उसमें क्या देखना?"

या सगळ्यात माझे तीन आठवड्यांचे व्यायाम बुडाले. ॲम्ब्युलन्स मिळाली तर मिळायची, बहुतेक वेळा नाहीच. पायातली ताकद जात चालली होती हे मला रोज कळत होतं, आणि दारात तिघं जण पेढ्याचा पुडा पुसून खात होते. चौथीच्या पोरानेही भागाकाराचा ताळा केला असता!

*

नवी प्लेट आली, चाकं चढली, तर ब्रेकचा पेडल पावासारखा मऊ. नळ्यांत हवा शिरली होती. ती काढायची तर एकाने पेडल दाबायचा आणि दुसऱ्याने कॅलिपरचा बारीक स्क्रू सोडून तेलाबरोबर हवा बाहेर जाऊ द्यायची. तिघांनाही गाडीखालीच शिरायचं होतं. म्हणून पेडलवर माझ्या सासूबाईंना बसवलं.

"दाबा!" "सोडा!" "आई, दाब!" अख्खी सकाळ हेच. तेलाच्या दोन बाटल्या संपल्या, पेडल तसाच मऊ. प्रकाश चिडून म्हणाला, "आई, तू नीट दाबत नाहीस!"

सासूबाई उतरल्या. पदर खोचून वाकल्या, चाकामागे बघितलं.

"पक्या, हवा वर जाती का खाली?"

"वर, आई."

"मग भोक खाली कशाला ठेवलंय?"

तिघांनी एकदम स्क्रूकडे बघितलं! डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. स्क्रू वर हवा तो खाली आला होता.

"मी भात टाकते," म्हणून सासूबाई आत निघून गेल्या. मी एवढी हसले की पाठीत कळ आली. त्याचाही राग तिघांवरच.

*

मग टेस्ट. माझ्या जागी पलंगावर तांदळाचं पोतं झोपवून तिघं अंबरनाथपर्यंत जाऊन आले. परत आल्यावर प्रकाश सांगतो, "एकदम फर्स्ट क्लास! पोतं जागचं हललं नाही."

"पोत्याला मणका असतो का?" मी विचारलं.

गायकवाड जरा विचार करून म्हणाले, "नाही, पण वजन सेम आहे वहिनी."

*

आता जो किस्सा सांगते त्याला हसू नका.

एका शनिवारी पॅड तपासायला चाकं काढली आणि संध्याकाळी पुन्हा लावली. सोमवारी मला घेऊन निघाले. चिखलोलीच्या उतारावर समोर म्हशी आल्या. प्रकाशने ब्रेक दाबला. गाडी थांबेना! त्याने पुन्हा दाबला, गाडी आपली निघालीच. मला छत तेवढं दिसत होतं. प्रकाश "अरे, अरे" म्हणत होता आणि मी पलंगाच्या कडा धरून बसणाऱ्या हिसक्याची वाट बघत होते. तशी भीती मला आयुष्यात वाटलेली नाही. शेवटी त्याने हँडब्रेक खेचला. मागच्या चाकांचे जुने ड्रम, ज्यांना सगळे नावं ठेवत होते, त्यांनी गाडी थांबवली. हिसका बसायचा तो बसलाच. चार दिवस डावा पाय माझा नव्हता.

संध्याकाळी गायकवाडांनी चाक काढलं, डिस्कवर बोट फिरवलं, ते तेलकट निघालं, आणि घरात येऊन मान वर करून म्हणाले, "तेल माझंच आहे वहिनी. शनिवारी घरी जायच्या आधी, चाक चढवताना, मी थाळीवर हात फिरवला. पॉलिश केलेला जॉब कोरडा ठेवला की गंज चढतो. बावीस वर्षांत माझ्या एका जॉबला गंज नाही!"

कारखान्यात सुट्टीआधी चकचकीत लोखंडाला तेल लावूनच घरी जायचं, हे त्यांच्या हाताला लागलेलं वळण. ब्रेकच्या थाळीला लावलं, आणि पॅड तिच्यावरून घसरले!

"बावीस वर्षांत तुमच्या एकाही जॉबवर माणूस झोपलेला नव्हता, भावोजी!" मी म्हटलं, आणि हाताशी स्टीलची वाटी होती ती फेकली. नेम चुकला. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

ते पंधरा दिवस दारापर्यंत येऊन "जयभीम वहिनी" म्हणून परत जायचे. मी तोंड भिंतीकडे फिरवायचे.

*

अकराव्या महिन्यात ब्रेक खरोखर जमले. नवे पॅड, धुतलेले डिस्क. त्या दिवशी बदलापूर ते कॅम्प चार मला एकही हिसका बसला नाही. डॉक्टरांच्या दाराशी गाडी थांबली, हे मला बाहेरच्या रसवाल्याच्या घुंगरांवरून कळलं! पुढे तिघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. नारीशेठच्या डोळ्यांत पाणी.

डॉक्टरांनी मला वळवलं, ठोकून बघितलं, उभं केलं, अर्धा तास खुर्चीवर बसवलं. मग म्हणाले, "बाई, झालं. आजपासून आडवं यायचं नाही. बसून या. रिक्षाने आलात तरी चालेल."

मला रडूच आलं. डोळे पुसून दाराकडे बघितलं, तर तिघांचे चेहरे उतरलेले.

गायकवाड म्हणाले, "डॉक्टर, निदान महिनाभर तरी आडवंच आणलेलं बरं ना? घाई कशाला?"

"हां डॉक्टर साब, रिस्क क्यों लेने का?" नारीशेठ.

आणि माझा नवरा काय म्हणाला? "पण ब्रेक तर आजच झाले!"

मी डॉक्टरांनी दिलेली काठी घेतली, एकेक पाऊल टाकत रस्त्यावर आले, रिक्षा थांबवली आणि बसले. जपून चालवायला सांगितलं. अंबरनाथ येईपर्यंत रिक्षावाला सारखा आरशात बघत होता.

"मॅडम, पीछे एक बडी गाडी है. जहाँ अपन रुकते हैं, वहीं रुकती है. एकदम मस्त रुकती है. तीन आदमी हैं. आपके पहचान के हैं क्या?"

"नाही," मी म्हटलं. "तुम चलाओ."