रविवारची गोळी

जगातल्या प्रत्येक दुखण्याचं उत्तर कपाशीत आहे, अशी आमच्या शेजारच्या बियाणेवाल्या काकांची खात्री होती. नांदुऱ्यात आमच्या घराला लागूनच त्यांचं बियाण्याचं दुकान. कुणाचा मुलगा दहावीला नापास झाला की ते म्हणत, "उगवन कमी हाय त्याची, पन दाना भारी हाय." सासू-सुनेच्या भांडणावर त्यांचा सल्ला ठरलेला: दोन ओळींतलं अंतर वाढवा. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. "हे पोट्टी उशिरा बोंडं देनारं वान हाय," असं ते गिऱ्हाइकांना सांगत आणि मी आणखीच मिटून जाई.

त्यांचं खरं वेड मात्र बारीक पुडीचं. अळी मारणारा जीन घातलेल्या बीटी कपाशीच्या पाकिटासोबत साध्या कपाशीची एक छोटी पुडी येई, ती शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या बांधालगत पेरायची. बहुतेक लोक ती फेकून देत. काका गल्लीच्या टोकापर्यंत माणसाचा पाठलाग करून समजावत, "अबे, बीटी खाऊन जगलेल्या अळीचं पाखरू लय माजुरं. धुऱ्यावरच्या साध्या पाखराशी त्याचं लगन लागलं, म्हंजे लेकरं नरम निंगतात, बीटीनं मरतात. पुडी फेकशीन तं सोयरीक कुठून आनशीन?" ज्या साली गुलाबी बोंडअळीनं तालुक्यातली बोंडं आतून पोखरली, त्या साली ते आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी एवढंच म्हणाले, "मी सांगतलं होतं."

जन्मात विडी न ओढलेल्या या माणसाला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. रिपोर्ट इंग्रजीत, म्हणून मला बोलावणं आलं. पेशींच्या एका जीनमध्ये बदल झालाय, त्यामुळे त्या वाढतच सुटल्यात, आणि नेमक्या त्याच बदलावर चालणारी गोळी आहे, रोज एक, असं मी पुटपुटत सांगितलं. काकू डोळे पुसत होत्या. काका मात्र खुलले. "म्हंजे माह्या छातीत जीनचाच मामला हाय!" गोळ्यांचा डबा बियाण्याच्या कपाटात गेला, दोन महिन्यांत खोकला थांबला आणि काका पुन्हा पुडीसाठी लोकांमागे धावू लागले.

एका रविवारी दुकान भरलेलं असताना मला कपाटातला डबा दिसला. महिना संपला होता, तरी चार गोळ्या शिल्लक.

"काका, ह्या का उरल्या?"

"आयतवार सोडतो ना मी," काका अभिमानानं म्हणाले. "डॉक्टर म्हनले, पुढं कधी पेशी बदलतीन, गोळीले दाद देनार नाहीत. म्हून हप्त्यातून एक दिवस साध्या पेशी जगू देतो. धुरा हाय तो माहा."

डॉक्टरांचा इशारा खरा होता. धुऱ्याची कल्पना मात्र काकांची स्वतःची. हळू आवाजात सांगायचे शब्द सुचेनात, म्हणून मी ओरडले, "काका, पेशींची लग्नं होत नाहीत! एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार! त्यांना सोयरीक नाही, काही नाही! रविवारी तुम्ही नुसत्या अळ्या पोसताय!"

कोपऱ्यातले एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "हाव ना काका, बिनलग्नाची जात दिसते. घ्या गोळी."

काकांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. "फुटली बे, हिची बोंडं फुटली!" असं म्हणून त्यांनी त्या दिवसाची गोळी पाण्याबरोबर गिळली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन मीच केला.

दोन हंगाम बरे गेले. मग खोकला परतला. नव्या रिपोर्टात आणखी एक बदल होता. मला तो पुढे वाचून दाखववेना.

"काऊन गप झाली? बदलल्या ना?" काकांनी विचारलं. मी मान हलवली. "बदलनारच त्या. पन त्या दिसापासून एकबी आयतवार सोडला नाही पोरी मी," ते म्हणाले, जणू आजारी मीच होते.

डॉक्टरांनी बदलून दिलेली दुसरी गोळी फार दिवस चालली नाही.

यंदा पेरणीला काका नव्हते; बारीक पुडी काकूंनी माझ्या हातात दिली आणि मी ती आमच्या शेताच्या धुऱ्यावर पेरली. परवा संध्याकाळी त्या धुऱ्यावरच्या कपाशीतून एक तपकिरी पाखरू उठलं आणि आतल्या बीटीकडे निघालं. मी हाकललं नाही. लग्नाला निघालं होतं.