सतराव्या पानावरची पेन्सिल

फ्लॅटच्या कराराचा जुना मसुदा आज हाती लागला. सतराव्या पानाच्या समासात पेन्सिलने लिहिलंय, "बाबा, ताब्याची तारीख बिल्डर हवी तितकी पुढे ढकलू शकतो." अक्षर इतकं हलकं, की मला राग आलाच तर खोडता यावं.

अक्षर माझ्या मुलीचं, मीराचं. ती तेव्हा कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला होती. उन्हाळाभर एका वकिलांकडे इंटर्नशिप करायची. दिवसा परक्यांचे करार वाचायची, घरी आल्यावर आमचा. मी बिल्डरच्या ऑफिसात ऐटीत सांगत होतो, "आमची मुलगी वकील होतेय बरं का!" पण तिने तारखेचं विचारलं, तेव्हा बिल्डर हसला. "ताई, सगळं विश्वासावर चालतं हो." मग मीही हसलो. म्हटलं, "मीरा, मोठी माणसं बोलतायत ना? जा, पेढे घेऊन ये."

मुलांची हुशारी आपल्याला पाहुण्यांसमोर म्हणायच्या कवितेसारखी हवी असते. सांगितल्यावर सुरू व्हावी, खुणावल्यावर थांबावी.

फ्लॅटचा ताबा अजून नाही. भाड्याच्या घरात चौथं वर्ष चाललंय. मीरा आता खरंच वकील आहे. "मी सांगितलं होतं," असं ती एकदा तरी म्हणेल, म्हणून मी वाट बघतोय. ती म्हणत नाही. परवा नवा भाडेकरार तिच्यापुढे सरकवला. "जरा वाचतेस का गं?"

"तुम्ही ठरवलंच असेल ना, बाबा," ती शांतपणे म्हणाली आणि चहा टाकायला उठली.