गुडमार चावून पुरण चाखलं तेव्हा

सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. माधव नगरातल्या आपल्या स्वयंपाकघरात अंबिका चिटणीस पुरण शिजवत होत्या. ओळखीच्या मराठी घरांत केळवण असलं की पुरणपोळ्या अंबिकाकाकूंच्याच. आजची ऑर्डर मागच्या गल्लीतल्या भार्गवीची. पोळी बिघडली असती तर दुपारच्या आत साऱ्या कॉलनीत बोभाटा झाला असता.

काकूंना डायबेटिस. डॉक्टरांच्या गोळीसोबत गुडमारचा पाला चावून पाहायचा, हा प्रयोग आजपासून. देवास गेटच्या जडीबुटीवाल्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं, "अम्मा, शक्कर को मार देगा." उठल्या उठल्या मशीनवर साखर १४२ आली. मग काकूंनी दोन पानं चावली आणि कामाला लागल्या.

पुरणाची चव त्या स्वतःच घेत. दुसऱ्या कुणाच्या जिभेवर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांनी चमचाभर चाखलं. नुसती शिजलेली डाळ! "मेल्या वाण्यानं गूळ भेसळीचा दिला," म्हणत त्यांनी आणखी गूळ घातला. चाखलं. डाळच. पुन्हा गूळ, पुन्हा चमचा.

बँकेतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान विनायकराव अर्ध्या तासानं पाल्याचा गुण बघायला मशीन घेऊन आले. आकडा २१२.

"अगं, पाल्यानं साखर चढली की!"

"मशीन बिघडलंय. गूळ पण बिघडलाय. चाखा."

विनायकरावांनी बोट चाटलं आणि पाणी मागितलं. "हे पुरण आहे की पाक? घसा धरला ना!"

काकूंनी चिमूटभर साखर जिभेवर टाकली. वाळू. तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पाल्यानं साखर मारली होती, पण फक्त जिभेवरची. पोटात गेलेले सगळे चमचे जिवंत होते.

"पाहुण्यांना दारातच पाला वाटू या," विनायकराव म्हणाले. "एकाचीही शिकायत येणार नाही."

"तुम्ही गप बसा आणि कुकर लावा."

बिनगुळाची डाळ आणखी शिजली, जुन्या पुरणात मिसळली. लग्नानंतर प्रथमच काकूंनी नवऱ्यापुढे चमचा धरला. "सांगा."

"अजून नक्की कळत नाही. आणखी एक द्या."

"चाखताय की जेवताय?"

पोळ्या वेळेत गेल्या. दुपारी भार्गवीचा फोन आला. "काकू, आज पुरण नेहमीपेक्षा छान होतं, असं सासूबाई म्हणाल्या."

ही गोष्ट काकूंनी नवऱ्याला सांगितली नाही.

उद्या ऑर्डर नाही. सहाला बोट टोचायचं, मग डॉक्टरांची गोळी, मग पोहे. गुडमार पोह्यांनंतर.