काचेतली कात्री

तासगावच्या वाटेवर एक बंद पडलेली वायनरी आहे. बागायतदारांनीच तिचं संग्रहालय केलंय. लाकडी पिंपं, द्राक्षं पिळायचं यंत्र, जुन्या बाटल्या आणि एका काचेच्या पेटीत आमच्या आबांची छाटणीची कात्री.

आबा म्हणजे माझे वडील. माळकरी माणूस. इतकी वर्षं वाईनच्या द्राक्षांची बाग केली, पण वाईनचा थेंब कधी जिभेला लावला नाही. बाग काढून टाकली तेव्हा त्यांनी कात्री संग्रहालयाला खुशीनं देऊन टाकली, असं आम्ही आपलं समजत होतो. त्यानंतर मात्र ते नुसते ओसरीवर बसून असायचे. "ह्या हातांचं आता काय काम?" एवढंच म्हणायचे. मला ते फार लागायचं.

खंडेनवमीला मी सांगलीच्या विश्रामबागेतून गावी गेले. बघते तर अवजारं धुऊन पाटावर मांडलेली आणि आबा फुगून बसलेले.

"माजी कात्री बिनपुजेची ऱ्हायली. ती पुजल्याबिगार मी जेवनार न्हाई."

"आवं, ती आता लोकांची झाली," आई म्हणाली. पण ऐकतंय कोण! हळदकुंकू, झेंडू, नारळ घेऊन मी आबांना गाडीत घातलं.

संग्रहालयाच्या बाईंनी हसत हसत पेटी उघडली. कात्रीची पूजा झाली. मग आबांनी यंत्राला कुंकू लावलं, पिंपांनाही लावलं. वाईनच्या पिंपाला हात जोडणारा माळकरी मी पहिल्यांदाच पाहिला.

अंगणातल्या मांडवावर आमच्याच बागेतली काडी लावून वाढवलेली एक वेल होती. आबा तिच्यापाशी थबकले.

"छाटनी आली की! कोन करतंय हिची?"

"कुणीच नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून घड धरत नाहीत. तुम्ही कराल?"

आबा आत जाऊन पेटीतली कात्री घेऊन आले. पहिली काडी त्यांनी चाचपत, जपून कापली. दुसऱ्या काडीला अंदाज आला आणि मग कात्री सपासप चालायला लागली.

"उबी काय ऱ्हायलीस? काड्या उचल!" आबा माझ्यावर ओरडले. किती दिवसांनी ओरडले! आनंदानं माझे डोळेच भरून आले.

काम संपल्यावर त्यांनी कात्री पुसून पुढे केली. बाईंनी घेतली नाही. रिकाम्या पेटीत त्यांनी चिठ्ठी ठेवली : 'कात्री कामावर आहे.'

"एप्रिलच्या छाटणीलाही या," त्या म्हणाल्या.

आबांनी चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली. गाडीत कात्री मांडीवर घेऊन बसले आणि मला म्हणाले, "सावकाश चालीव. आमाला कामं हायती."