निळ्या दोऱ्याचा हीर

हीरनानांच्या सदऱ्याच्या खिशात पेन कधी नसे, हीर असत. नारळाच्या झावळीचे, ज्यांचा झाडू होतो तेच. वीतभर लांबीचे, दहा-बारा, सणासुदीला वीस. प्रत्येकाच्या टोकाला वेगळ्या रंगाचा दोरा. आमची आळी वसईत पापडीच्या बाजूला आणि त्या आळीतल्या प्रत्येक घराचा पाय नानांच्या खिशात होता.

नाना माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. घर शेजारचंच, मधे फक्त केळीची एक रांग. वाडीतला सोनचाफा घेऊन ते रोज पहाटे दादरला जात. फुलं आठापर्यंत संपत. मग आळीतल्या कोणाचं काही आणायचं असलं की दुकानं उघडेपर्यंत थांबत आणि दुपारी जेवायला घरी परत. तेव्हा आमच्याकडे बूट घ्यायला कोणी पायाने जात नसे, माप जाई. पायाच्या लांबीचा हीर मोडायचा आणि नानांकडे द्यायचा. ते तो दुकानात बुटाच्या आत घालून बघत, नीट बसला की बूट घेत. दुकानदार नंबर विचारायचा. नाना म्हणत, "नंबर कारखान्याचा. माप पायाचं."

माप घ्यायचे त्यांचे नियम होते आणि ते कोणासाठी बदलत नसत. माप संध्याकाळी घ्यायचं, कारण "सकाळी पाय झोपेत असतो, संध्याकाळी खरा बोलतो." उभं राहून घ्यायचं, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. हीर वाडीतला, नवा आणि कडक वाळलेला. ओला हीर वाळताना आखडतो, म्हणून पावसाळ्यात नाना बुटांचं माप घेतच नसत, नवरदेवाचं असलं तरी. आणि हीर मोडायचा तो नखाने. अंगठ्याचं नख रुतवून असा मोडायचे की दोन्ही टोकं सुरीने कापल्यासारखी येत. मग दोरा. लाल माझ्या वडिलांचा, पिवळा समोरच्या बाळूकाकांचा, निळा माझा. कुठेही लिहून ठेवलेलं नसे. एकदा मी विचारलं, "नाना, विसरत कसे नाही?" तर म्हणाले, "विसरायला नको म्हणून तर बांधतो, बाय. बांधलं की डोकं मोकळं."

हे वाक्य मी अजून वापरते. माझ्या घरात फ्रिजवर यादी असते, किल्ल्यांना रंगीत दोरे असतात, आईच्या औषधांच्या डब्यांना सकाळ-दुपार-रात्रीचे तीन रंग असतात. ऑफिसात मला यावरून हसतात. हसू देत. त्यांच्या फायली सापडत नाहीत, माझ्या सापडतात.

मी दहा वर्षांची असताना दिव्याचे बूट आले. ज्यांनी ते घातले त्यांना समजावून सांगायला नको. पांढरे, जाड तळव्याचे, बाजूला निळी-जांभळी पट्टी, आणि टाचेत लाल दिवे. पाऊल टेकलं की पेटायचे. आमच्या वर्गात पहिले बूट ग्लोरियाचे आले. तिचे पप्पा आखातात होते. मधल्या सुट्टीत ती पाय आपटत व्हरांड्यातून जायची आणि आम्ही सगळ्या मागे मागे. शाळेने आठवड्याभरात बंदी घातली, त्यामुळे ते बूट आणखीच हवेसे झाले. दिवाळीला मला तेच हवेत, असं मी घरात जाहीर केलं. चार दिवस रुसल्यावर आई "आण म्हणावं नानांना" एवढं म्हणाली.

नानांनी माझं माप घेतलं. नवरात्रातली संध्याकाळ, त्यांची ओटी, शेणाने सारवलेली गार जमीन. टाच भिंतीला लावून मी उभी. नखाने हीर मोडला, निळा दोरा बांधला, जुडी खुंटीला लावली. "शनिवारी बघतो," म्हणाले.

शुक्रवारी शाळेत ग्लोरियाने सहज सांगितलं, "ते फक्त लहान मुलांचे येतात. मोठ्या मापात दिवे नसतात. माझं माप शेवटचंच, पप्पा म्हणाले." ग्लोरिया माझ्याहून बुटकी होती आणि तिचा पाय माझ्या पायापेक्षा चांगला दीड बोट लहान होता. माझे पाय आमच्या घरच्या वळणाचे, लांब. म्हणजे शनिवारी नाना हीर घालून बघणार, तो बसणार नाही आणि ते रिकाम्या हाताने परत येणार, हे उघड होतं.

दुपारी नाना जेवून आडवे झाले होते. काकी मागच्या दारी. मी खुंटीवरची जुडी काढली, निळ्या दोऱ्याचा हीर उपसला आणि दुसऱ्या टोकाकडून दीड बोट दाताने तोडला. तुकडा केळीत फेकला. बूट थोडे घट्ट होतील, चामडं सैल पडतंच, असा माझा हिशोब होता. ते चामडं नव्हतंच, हे मला माहीत नव्हतं.

शनिवारी बूट आले. नानांनी खोकं आईच्या हातात दिलं आणि म्हणाले, "दुकानात होता तो सगळ्यात मोठा. बरोब्बर बसला हीर. पोरीचं नशीब."

दिवाळीच्या पहिल्या दिवशी मी ते बोटं मुडपून घातले. अंघोळ, फराळ उरकून आळीत निघाले. पहिल्या वीस पावलांचा आनंद मला अजून आठवतो, ते नाकारत नाही. पोरं मागे धावत होती. कोणीतरी ओरडलं, "नीलूच्या पायात फुलबाज्या!" बाळूकाकांच्या दारापर्यंत डावी टाच सोलली. नानांच्या ओटीपर्यंत आले तेव्हा मी हसत होते आणि डोळ्यांत पाणी होतं.

ओटीवर सणाची मंडळी बसलेली. आई, बाबा, बाळूकाका, आणि जूचंद्रहून मीठ आणि सुकी मासळी विकायला येणारी ताराबाय, फराळाचं ताट पुढ्यात घेऊन. सगळे दिवे बघत होते. नाना दिवे बघत नव्हते. ते कोणाच्या पायाकडे बघतच नसत, चालीकडे बघत.

"इकडे ये," ते म्हणाले. "काढ."

बूट निघेना. आईने ओढून काढला. मोजा टाचेला लाल झाला होता. नानांनी खुंटीवरची जुडी घेतली, निळ्या दोऱ्याचा हीर बुटात घातला. बरोबर बसला. मग माझ्या पायाला लावला. दीड बोट कमी. त्यांनी तो हीर उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि टोकावरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता सगळं संपलं.

"माझं चुकलं," नाना म्हणाले. "ओला हीर घेतला. वाळून आखडला."

मग ताराबाय चकली मोडत म्हणाली, "अरे द्येवा! नानांचा हीर पन चुकला म्हना! आन् पोरीचे पाय हायेत का वल्ही?" सगळे हसले. बाबा म्हणाले, "दादा, तुम्हीच तर आम्हाला ओल्या हिराचं शिकवलंत." नानाही हसले. "म्हातारा झालो," म्हणाले. तेव्हा ते पंचेचाळिशीचे होते.

मी वाचले, एवढंच मला कळलं.

बूट ताराबायच्या नातीला गेले. त्यांच्याबरोबर गोष्टही गेली, आणि ताराबाय रोज वीस दारं करायची. महिन्याभरात नायगावपासून पापडीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं की हीरनानांनी चूक केली. बाळूकाकांनी तर कमाल केली. त्याच जुडीतून आलेले त्यांचे बूट पंधरा दिवस ते आरामात घालत होते. नानांचं माप चुकलं हे ऐकल्यावर ते त्यांना चावू लागले. नानांच्या दारात येऊन, पाय वर करून म्हणाले, "बघ ना, करंगळीला लागतंय." करंगळीला काहीही नव्हतं. नानांनी ते बूट दादरला नेऊन बदलून आणले, एक माप मोठे. बाळूकाका वर्षभर त्यांत कापूस घालून हिंडले.

पुढच्या दिवाळीला जुडीत सहाच हीर होते. त्याच्या पुढच्या वर्षी दोन. सगळं माझ्यामुळे झालं असं म्हणणार नाही. स्टेशनजवळ बुटांची मोठी दुकानं होत होती, आरसे, गार हवा, पाय मापायला लोखंडी पट्टी. लोक जाणारच होते. पण जाताना म्हणायला त्यांना एक वाक्य मिळालं होतं, ते मी दिलं होतं. आणि मी ते कधी परत घेतलं नाही. शाळा संपली, कॉलेज, नोकरी, लग्न, मुलगी. माझ्या याद्यांमध्ये हजार कामं आली आणि खोडली गेली. हे काम कुठल्याच यादीत आलं नाही, कारण लिहिलं असतं तर करावं लागलं असतं.

नानांची वाडी पुढे निम्मी झाली. काकी गेल्यावर मुलाने त्यांना बोळिंजला फ्लॅटवर नेलं. सातवा मजला. चाफ्याचं एक झाड बाल्कनीत, ड्रममध्ये. मी महिन्यातून एकदा जायचे. गेल्या वर्षी त्यांचे पाय सुजू लागले, चपला बसेनात. मी ठरवलं, मऊ, चिकटपट्टीचे चांगले बूट घ्यायचे. ऑनलाइन नंबर विचारतात. नानांना त्यांचा नंबर माहीत नव्हता, कारण कधी लागलाच नव्हता.

म्हणून मी पापडीहून एक हीर घेऊन गेले. वाळलेला, कडक. संध्याकाळी. त्यांना धरून भिंतीशी उभं केलं, मी फरशीवर बसले. हीर लावला, नख रुतवलं. माझं नख त्यांच्यासारखं नाही, दोनदा प्रयत्न करावा लागला.

वरून आवाज आला, "दाताने नको तोडू हां."

मी वर बघितलं. ते बाल्कनीतल्या चाफ्याकडे बघत होते.

"नाना, तुम्हाला माहीत होतं?"

"नखाने मोडलेला आणि दाताने तोडलेला, यातला फरक मला कळू नये? एवढी वर्षं काय केलं मी मग?"

"मग बोलला का नाहीत?"

त्यांना बसायचं होतं. बसवलं. पाणी प्यायले. मग म्हणाले, "सणाचा दिवस, ओटीवर माणसं, त्यात ती ताराबाय. नानांचं चुकलं म्हणून दोन दिवस हसतील आणि विसरतील. पण पोरगी खोटं करते, हे एकदा आळीने धरलं की तुझ्या लग्नापर्यंत सोडलं नसतं. बाईमाणसाचं कोणी विसरत नाही ग."

मी निळा दोरा शोधायला पर्स उघडली, कारण हीर हातात होता आणि त्याला दोरा हवा होता. दोरा नव्हता. त्यांनी उशीखालून जपमाळेच्या पिशवीचा लाल दोरा तोडून दिला.

बूट चार दिवसांनी आले. राखाडी, हलके. नानांनी घातले, उभे राहिले, हॉलमधून दारापर्यंत गेले आणि परत आले. मीही यावेळी पायांकडे नाही, चालीकडे बघत होते. चाल सरळ होती.

"बसले?"

"बसले." मग वाकून टाचेकडे बघत, "दिवे नाहीत का यात?"

ते बूट त्यांनी दोन महिने घातले. पौषात नाना गेले.

तेराव्याची यादी माझ्याकडे होती. सामान, पाहुणे, जेवणं, कोणाला न्यायला स्टेशनवर कोण जाणार, सगळं. बोळिंजच्या सोसायटीचा हॉल, शंभरेक माणसं. जेवणं झाल्यावर जुनी मंडळी खुर्च्या गोल करून बसली आणि नानांच्या आठवणी निघाल्या. चाफा, दादर, हिरांची जुडी. बाळूकाका आता ऐंशीला टेकलेत, कानाला यंत्र आहे. ते म्हणाले, "एवढी वर्षं माप घेतलं आमच्या नानाने, चुकला एकदाच. नीलूच्या त्या दिव्याच्या बुटांना. ओला हीर घेतला बिचाऱ्याने!" आणि सगळे हसले. प्रेमानेच हसले. ताराबाय कधीच गेली, पण तिचं वाक्यही कोणीतरी तिच्या आवाजात म्हटलं.

दोन दिवस हसतील, असं नाना म्हणाले होते. तीस वर्षं झाली होती. एवढं एकच माप त्यांचं खरोखर चुकलं.

मी यादीचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि उभी राहिले. "नानांचं चुकलं नव्हतं," मी म्हटलं. "हीर वाळलेलाच होता. खुंटीवरून काढून मी तो दाताने तोडला होता. दीड बोट. नानांना त्याच दिवशी कळलं होतं, आणि त्यांनी माझ्यासाठी स्वतःवर घेतलं."

आई माझ्याकडे बघत राहिली, दहा वर्षांच्या मुलीकडे बघावं तशी. बाळूकाकांनी कानातलं यंत्र नीट केलं, शेजारच्याला विचारून पुन्हा एकदा समजून घेतलं. मग आपल्या पायांकडे बघितलं.

"म्हणजे," ते म्हणाले, "माझे बूट चावत नव्हते?"

"नव्हते, काका," मी म्हटलं. "ते बरोबर होते."