झुलीची आतली बाजू

निजामाच्या अमलात मी तलवाड्याच्या बाजारात रंगीत दोरे आणि मणी विकायचे. पोळ्याच्या तोंडावर एक अनोळखी म्हातारा आला आणि बैलाची जुनी भरतकामाची झूल त्याने माझ्यापुढे पसरली. ठिकठिकाणी टाके उसवले होते. विटलेल्या रंगाला जुळेल असा फिका गुलाबी दोरा मी काढून दिला. त्याने मान हलवली, झूल उलटी केली आणि एका टाक्यावर अंगठा ठेवला. आतून रंग अजून लालभडक होता.

“असा द्या.”

“मामा, वरून लई उठून दिसंल,” मी म्हणाले.

“दिसू द्या. कारभारणीनं लाल निवडला हुता. फिका उन्हानं केला. तिला जाऊन तीन पोळे झाले.”

एकेक दोरा तो त्या टाक्याशी लावून बघत बसला. मणी दाखवले, तर म्हणाला, “तिनं लावले नव्हते.”

पोळ्याला बैल वेशीतून निघाले. बाकीच्यांमागे घरंच्या घरं चालली होती. त्याच्यामागे कुणी नव्हतं. त्याच्या बैलावरची झूल उलटी होती, गाठी वर. लोक हसले. समोरून गेला तेव्हा मी नवा दोरा शोधला. माझा कुठला आणि तिचा कुठला, मला ओळखू आलं नाही.