उलट्या काठाची नऊवारी

वैशाली गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याबद्दलच वाईट बोलत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी फार चांगली वाटू लागले तर तुम्ही सावध राहाल. कोपरीतल्या माझ्या शिलाईच्या दुकानात एका बाईंच्या ब्लाउजची बाही टाचणीनं आवळत मी सांगत होते, की माझी धाकटी जाऊ कॉम्प्युटरमधल्या बाहुल्यांना साड्या विकते आणि अख्खं खानदान तिचं कौतुक करतं. इथे बावीस वर्षं हाडामांसाच्या बायकांची मापं घेऊन माझी मान गेली, त्याचं कोणाला काही नाही. तेवढ्यात धाकट्या दिराचा, सुहासचा फोन. तो एवढंच म्हणाला, "वहिनी, वैशाली उठत नाहीये." मी डोंबिवलीला पोचेपर्यंत सगळं संपलेलं. जेवून जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही. माझ्याहून चार वर्षांनी लहान... म्हणजे यातही माझ्या पुढे गेली.

तिला शिवणकाम येत नव्हतं. हा मुद्दा मी आयुष्यभर लावून धरला. लग्न होऊन आली तेव्हा एकदा हुक लावायला दिलेले, तर तिनं सगळे एका रेषेत लावले, पण ब्लाउजच्या पाठीला. घरात हसू झालं, सगळ्यात मोठ्यांदा मी हसले. मग लॉकडाऊनमध्ये तिच्या लेकीनं, मुग्धानं, तिला त्या आभासी जगात नेलं. आपण इकडे खुर्चीत बसायचं आणि स्क्रीनवर आपल्या नावाची एक बाहुली रस्त्यांवरून हिंडते, लोकांशी बोलते, दुकानं बघते, असं ते प्रकरण. वैशालीच्या बाहुलीला तिथे फुकट मिळाली अर्धी चड्डी आणि बिनबाह्यांचा बनियन. वैशाली पंधरा दिवस एका झाडामागून हललीच नाही म्हणे. "अगं, चार माणसांत या अवतारात कशी जाऊ?" या लाजेपोटी ती साडी करायला शिकली. लोक पोटापाण्यासाठी धंद्यात पडतात, ही पदरासाठी पडली. तिथल्या बायकांनी ती साडी बघून मागितली, मग आणखी चौघींनी मागितली, आणि दोन वर्षांत तिचं तिथे स्वतःचं दुकान झालं, पाटीसकट, दाराला तोरणसुद्धा.

मला याचा पत्ता नव्हता. ती दुकानात येऊन खणाच्या, इरकलीच्या चिंध्या मागून न्यायची. मला वाटायचं गोधडी करत असेल. मी मोठ्या मनानं पिशवी भरून द्यायचे. नंतर कळलं, ती त्या चिंध्या खिडकीशी पसरून त्यांचे फोटो काढायची आणि त्यातूनच तिचं ते कापड तयार व्हायचं. चिंध्या माझ्या, नाव तिचं. कळल्यावर मी चिंध्या देणं बंद केलं. म्हटलं, हल्ली उरत नाहीत. टेबलाखाली पोतं होतं.

घरच्या हळदीकुंकवाला तर कहरच झाला. जमलेल्या अकरा बायकांच्या अंगात मी शिवलेले ब्लाउज होते, मी मोजले, आणि त्या अकराही जणी वैशालीच्या फोनवर ओणव्या झालेल्या. कोणी एक दाढीवाला परदेशी गृहस्थ तिच्याकडची नऊवारी नेसून समुद्रकिनारी हिंडत होता, त्यावर कौतुकाचे चीत्कार. मी तिळगूळ देता देता म्हटलं, "बरं आहे बाई तुझं. घाम नाही, धुणं नाही, कोणी जाड होत नाही. आल्टरला काही परत येत नसेल."

"येतं हो वहिनी," ती अगदी मनापासून म्हणाली. "परवा एकीनं तक्रार केली, खाली बसलं की साडी खुर्चीतून आरपार जाते. आठ दिवस तेच सोडवतेय." टोमणा तिला लागायचाच नाही. तिच्याशी भांडण करायचं तर दोन्ही बाजूंनी मलाच करावं लागे.

आणि आता खरं काय ते. गेल्या वर्षी ती कोपरीला आली, हातात फोन. पहिल्या नऊवाऱ्या तिनं अंदाजानं केलेल्या, आता अगदी नेसल्यासारखी दिसणारी करायची होती. "नेसावी तर तुम्हीच, वहिनी. मला तर शिवलेलीच घालता येते. मागूनसुद्धा फोटो हवेत, सगळ्या बाजूंनी." सासूबाईंची जुनी नऊवारी तिनं पिशवीतून आणलेली. मी आतून फुगले, वरून म्हटलं, गिऱ्हाइकं खोळंबलीत, पटकन काय ते कर. पडद्याआड नेसले, घाईत निऱ्या मागे नेल्या, काष्टा खोचला, उभी राहिले. ती माझ्याभोवती फिरून फिरून फोटो काढत राहिली. बावीस वर्षं मी दुसऱ्यांभोवती टेप घेऊन फिरले. माझ्याभोवती कोणी पहिल्यांदाच फिरत होतं... संध्याकाळी तिनं फोटो पाठवले आणि विचारलं, बरोबर आहे ना? मी बघितलं. काष्ट्याला पीळ पडलेला, आणि कमरेखाली वीतभर काठ उलटा झालेला, जरीची मागची दोऱ्यांची बाजू वर. कुठल्याही नेसणारीच्या डोळ्यात खुपेल असा. मी लिहिलं, "छान." मनाशी म्हटलं, मागून कोण बघतंय? पण खरं सांगते, मला त्या वेळी बरं वाटलं. तिच्या इतक्या कौतुकाच्या मालात एक खोट आहे आणि ती फक्त मला माहीत आहे, हे मी लिमलेटच्या गोळीसारखं वर्षभर गालात धरून होते.

बारावं-तेरावं झाल्यावर मुग्धाचा फोन आला. आईची तिथली गिऱ्हाइकं रविवारी तिच्या दुकानासमोर जमणार आहेत, काकू याल का? गेले. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, सुहास एका बाजूला, मी एका बाजूला. स्क्रीनवर एक चौक, चौकात वैशालीचं दुकान, आणि दुकानाकडे तोंड करून उभी चाळीसेक माणसं. माझ्या शोकसभेला इतके येतील का, हा विचार मनात आलाच. तो आवरायचं माझं वय गेलं. मग मला दिसलं. सगळ्यांनी तिच्याकडची नऊवारी नेसलेली होती, दाढीवाल्यानंसुद्धा. आणि मला दिसत होत्या त्या त्यांच्या पाठी. चाळीस काष्टे, चाळीस उलटे काठ.

"हे असे पाठमोरेच का उभे?" मी विचारलं. मुग्धा म्हणाली, "काकू, तिथे असंच असतं. आपण आपल्याला कायम मागूनच बघतो. चालताना, बोलताना, आपली पाठच समोर असते." म्हणजे जिथे कोणी बघणार नाही म्हणून मी खोट ठेवली, तेवढंच तिथे दिवसभर दिसतं. सगळे एकदम खाली बसले. एकाचीही साडी जमिनीतून आरपार गेली नाही. तिनं ते सोडवलेलं होतं. राहिली होती ती फक्त माझी खोट.

सुहास चहा ठेवायला उठला तेव्हा मी मुग्धाला सांगून टाकलं. फोटोत दिसलं होतं, मुद्दाम बोलले नाही. मी परत नेसते, नीट नेसते, तू फोटो काढ आणि सगळं सुधार. एवढं तरी मला करू दे.

मुग्धा म्हणाली, "आईला माहीत होतं. दोन महिन्यांतच एका बाईंनी कळवलं होतं. आईनं सरळ काठाची केलीसुद्धा, ती दुकानात आहे. पण ही काढली नाही, आणि लोक हीच घेत राहिले. विचारायचे, हा काठ असा का? तर सांगायची, आमच्या वहिनी अशी नेसतात."

हे कळल्यानंतर वैशाली दिवाळीला माझ्याकडे जेवून गेलेली. माझ्या हाताची बासुंदी दोनदा घेतली, ब्लाउज शिवायला टाकला, एक अक्षर बोलली नाही. मला वाटत होतं, गुपित माझ्याकडे आहे. ते तिच्याकडे होतं आणि तिला त्याची चव घ्यायचीसुद्धा गरज वाटली नाही. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मी त्या दिवशी जितका केला, तितका ती असताना कधी केला नव्हता.

सभा संपली, माणसं एकेक करून विझल्यासारखी नाहीशी झाली. मुग्धानं मग आईच्या नावानं आत जाऊन दाखवलं. वैशालीची बाहुली दुकानाच्या पायरीशी उभी होती, शेवटच्या दुपारी ती जिथे सोडून उठली असेल तिथेच. अंगावर सरळ काठाची नव्हती. माझीच होती. पाठमोरी, केसांचा अंबाडा, डावा पाय किंचित पुढे, जरा वेळानं आपोआप वजन या पायावरून त्या पायावर घेत होती, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी. आणि कमरेखाली तो वीतभर काठ...

मी पुढे झाले आणि दोन बोटांनी तो धरून सरळ करायला गेले. गिऱ्हाइकाचं करते तसंच, न विचारता.

"काकू, ती टच स्क्रीन नाहीये," मुग्धा हळूच म्हणाली.

मला माहीत होतं. तरी मी आणखी एकदा केलं. काठ काही हलला नाही. काचेवर तिच्या पाठीशी माझ्या बोटांचे दोन ठसे तेवढे उमटले.